पाण्याचा ताळेबंद : गोडे पाणी जमा, खारे पाणी कोणाच्या नावे?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांचा सोहळा म्हटला की आठवणी निघायच्याच. त्या सांगणारे वक्ते माझ्या आधी झाले, नंतरही आहेत. मला मात्र कार्यकारिणीने विषय दिला पाण्याचा. कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बोअरच्या पाण्यावर सोसायटीचा सामायिक आरओ प्लँट बसवायचा की नाही, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे यायचा आहे. दोन्ही बाजूंची मंडळी कट्ट्यावर रोज वाद घालतात. मी दोघांचा चहा पितो, म्हणून दोघांनी मिळून मला इथे उभे केले असावे.

मी कॉमर्सचा पदवीधर. उभे आयुष्य बँकेत व्हाउचरे आणि ताळेबंद तपासण्यात गेले. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नाही, जे सांगणार आहे ते वाचून आणि जाणत्यांना विचारून गोळा केलेले आहे. पण या विषयाचा गाभा हिशेबाचाच आहे, म्हणून बोलायचे धाडस करतो. आरओ मशीन पाण्यातले क्षार नाहीसे करत नाही. एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात टाकते. ते दुसरे खाते कोणाच्या नावावर आहे, एवढेच आज आपण बघायचे आहे.

बोअरचे पाणी जड का?

"धरण उशाला आणि कोरड घशाला" ही म्हण आपल्यासाठीच कोणी केली असावी, असे दर मे महिन्यात वाटते. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. त्यातले येडगाव आपल्या दारात. ओझरचा विघ्नहर याच जलाशयाच्या काठावर बसला आहे. इथून निघालेला डावा कालवा शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट करमाळ्याकडे जातो. एवढे पाणी उशाशी असूनही नळाचे पाणी कमी पडले की आपण बोअरचे बटण दाबतो.

धरणात येणारे पाणी सह्याद्रीवरून वाहत आलेले पावसाचे पाणी. त्यात क्षार तुलनेने थोडे. बोअरचे तसे नाही. पाऊस मातीतून मुरताना तिथला कार्बन डाय-ऑक्साइड वायू घेतो, त्याने पाणी किंचित आंबट होते आणि काळ्या पाषाणाच्या भेगांमधून उतरताना दगडातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवत खाली जाते. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणत. आपण जड पाणी म्हणतो. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल वर्षा-दोन वर्षांत पांढरी होते आणि चहाच्या पातेल्याला आतून खार धरतो.

हा खार येतो कसा? जड पाण्यातला बराच कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेला असतो. पाणी तापवले की त्यातला वायू उडून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट राहते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून जिथे जागा मिळेल तिथे चिकटून बसते. खडू, संगमरवर आणि पातेल्यातला पांढरा थर, तिन्हींची जात एकच.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे मी सांगायची गरजच नाही. नारायणगाव परिसरात द्राक्षाला, टोमॅटोला ठिबक आहे. बोअरचे पाणी ठिबकला लावले की हंगामाअखेर ड्रिपर चोंदतात. मग आपण काय करतो? लाइनमधून ॲसिड सोडतो. पाण्याचा पीएच चारच्या आसपास आणायचा, रात्रभर तसेच ठेवायचे, दुसऱ्या दिवशी नळ्यांची टोके उघडून फ्लश मारायचा. शेतीकर्जाच्या पाहणीला जायचो तेव्हा एका बागेत असाच फ्लश चालू होता. टोकातून आधी चहासारखे गढूळ पाणी आले, मग पांढऱ्या खपल्या आल्या आणि मग स्वच्छ धार लागली. बागायतदार म्हणाले, "साहेब, तुमचा हप्ता या खपल्यांत अडकला होता." मला ते वाक्य आवडले. खारामुळे पैसा खरोखरच अडकतो.

आरओ प्लँटमध्येही हाच खार आणि हेच ॲसिड, फक्त ड्रिपरच्या जागी मेंब्रेन असते.

चार किलो मीठ रोज

आरओ म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत सांगतो. एक अतिशय बारीक पडदा असतो. पंपाच्या दाबाने पाणी त्यातून पलीकडे ढकलायचे. पाणी जाते, क्षार बहुतांश अलीकडेच राहतात. अलीकडे उरलेले हे जास्त खारे पाणी बाहेर सोडावे लागते. त्याला सगळे रिजेक्ट म्हणतात. समुद्राच्या पाण्याचे असेल तर ब्राइन म्हणतात.

आता एक उदाहरणाचा हिशेब मांडू. समजा, पिण्या-स्वयंपाकाला सोसायटीला दिवसाला २,००० लिटर गोडे पाणी हवे आहे. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, लिटरला १,००० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम धरू. प्लँट शंभरातले पन्नास लिटर गोडे देतो असे समजू. मग बोअरमधून ४,००० लिटर उपसावे लागेल. त्यात चार किलो क्षार आले. गोड्या पाण्यासोबत जेमतेम शंभर ग्रॅम गेले. उरलेले ३ किलो ९०० ग्रॅम रिजेक्टच्या २,००० लिटरमध्ये गेले.

वर्षाला किती झाले? चौदा क्विंटलच्या वर. आणि आज रौप्यमहोत्सव साजरा करतो आहोत, सुवर्णमहोत्सवापर्यंत प्लँट असाच चालला तर पस्तीस टनांच्या पुढे. म्हणजे दोन-तीन मोठे ट्रक भरून क्षार पंचवीस वर्षांत आपण आपल्याच कंपाउंडमधल्या पाइपातून बाहेर सोडणार. प्लँटच्या कोटेशनमध्ये पंप आहे, मेंब्रेन आहे, टाकी आहे, देखभाल आहे. या पस्तीस टनांची ओळ कोटेशनमध्ये नसते. ती आपणच लिहायला हवी.

आता कोणी म्हणेल, काका, मग जास्त पाणी काढणारा प्लँट घेऊ. शंभरातले पंचाहत्तर लिटर गोडे देणारा. बरोबर आहे. मग तेवढ्याच २,००० लिटरसाठी बोअरमधून २,६७० लिटरच लागेल. रिजेक्ट दोन हजारांवरून ६७० लिटरवर येईल. बोअरवरचा उपसा कमी झाल्याने रोजचे क्षारही अडीच किलोंच्या आसपास येतील. सगळ्याच दृष्टीने फायदा.

पण इथे खार आडवा येतो. पन्नास टक्क्यांवर रिजेक्टमधले क्षार दुप्पट दाट होतात, पंचाहत्तरवर चौपट, ऐंशीवर पाचपट. कॅल्शियमही तेवढाच दाट होतो. मग तो पाण्यात राहायला तयार नसतो. मेंब्रेनवर त्याचे स्फटिक धरतात, पाणी कमी येते, दाब वाढतो, विजेचे बिल वाढते आणि शेवटी मेंब्रेन फेकून द्यावे लागते. म्हणून साधे प्लँट आणि घरातली मशिने पाणी मुक्तहस्ते वाया घालवतात. खार धरू नये म्हणून क्षार भरपूर पाण्याबरोबर वाहून जाऊ देतात. वाया जाणारे पाणी आणि धरणारा खार हे एकाच व्यवहाराचे दोन भाग आहेत. खाराचा बंदोबस्त केला, तरच पाणी वाचते.

बंदोबस्ताचे तीन मार्ग

पहिला मार्ग ॲसिडचा, म्हणजे आपला ठिबकवालाच. प्लँटमध्ये पाणी शिरतानाच थोडे ॲसिड सोडायचे. बायकार्बोनेटचा वायू होतो आणि कार्बोनेटचा खार धरत नाही. मात्र काळ्या पाषाणातल्या पाण्यात सिलिका असते, म्हणजे वाळूच्या जातीचा पदार्थ. ती ॲसिडला दाद देत नाही. आणि सल्फ्युरिक ॲसिड वापरले तर जिप्समचा खार वाढू शकतो, तेही बघावे लागते.

दुसरा मार्ग अँटिस्केलंट नावाच्या औषधाचा. याचे प्रमाण फार थोडे, साधारणपणे हजार लिटरला दोन ते पाच ग्रॅम. ते कॅल्शियम काढून टाकत नाही. स्फटिकाचे बी धरायला लागले की त्याला चिकटते आणि त्याची वाढ रोखते. खार धरायचा तो थोडा वेळ लांबतो, तेवढ्यात पाणी मेंब्रेनमधून पुढे निघून जाते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे मुदतवाढ देणे झाले. कर्ज फिटले असे नव्हे. रिजेक्टबरोबर सगळा कॅल्शियम बाहेर जातोच, वर ते औषधही जाते. यातली बरीच औषधे फॉस्फरसच्या जातीची असतात, आणि फॉस्फरस हे साठलेल्या पाण्यात शेवाळाचे खत.

तिसरा मार्ग सर्वांत जुना: चुना. थॉमस क्लार्क नावाच्या ॲबर्डीनच्या प्राध्यापकांनी १८४१ साली लंडनच्या जड पाण्यासाठी त्याचे पेटंट घेतले. जड पाण्यात चुन्याची निवळी योग्य मापात घातली की विरघळलेला कॅल्शियम आणि घातलेला चुना दोन्ही मिळून साका होऊन खाली बसतात. चुना घालून कॅल्शियम कमी होतो, हे ऐकायला उलटे वाटते, पण तसेच होते. बायकार्बोनेटचा जडपणा गेला तरी जिप्समच्या जातीचा जडपणा उरतो, त्यासाठी धुण्याचा सोडा घालतात. थोडा जास्त चुना घातला तर मॅग्नेशियमही बसतो आणि जाताना काही सिलिका बरोबर घेऊन जातो.

माप सांगतो. १,००० लिटर पाण्यात बायकार्बोनेटच्या जातीचा कॅल्शियमचा जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर तो काढायला सुमारे २२० ग्रॅम विझवलेला चुना लागतो आणि ६०० ग्रॅमच्या आसपास पांढरा गाळ मिळतो. त्यासाठी टाकी, ढवळणे, निवळणे, गाळणे एवढे करावे लागते. नंतर पाण्याचा वाढलेला पीएच थोड्या ॲसिडने खाली आणावा लागतो, मगच मेंब्रेनला द्यायचे. बोर्डो मिश्रण करणाऱ्या द्राक्षवाल्याला चुना मापात घालायचे महत्त्व मी काय सांगणार!

या मार्गाचे मोल हिशेबात दिसते. पहिल्या दोन मार्गांत क्षार पाण्यातच राहतात. तिसऱ्यात त्यातला एक भाग घट्ट होऊन हातात येतो. मोठे प्लँट आता हेच करतात. पहिल्या मेंब्रेनमधून निघालेले रिजेक्ट चुना-सोड्याने साफ करतात आणि तेच दुसऱ्या मेंब्रेनमधून पुन्हा काढतात. त्यामुळे शंभरातले नव्वद-पंचाण्णव लिटरपर्यंत गोडे पाणी मिळू शकते. एक मर्यादा मात्र सांगून ठेवतो. चुना मिठाला, म्हणजे सोडियम क्लोराइडला, हात लावत नाही. ते शेवटपर्यंत पाण्यातच राहते.

इथेच सॉफ्टनरबद्दल दोन शब्द. बऱ्याच घरांत गिझरसाठी सॉफ्टनर आले आहेत. त्यातले रेझिन कॅल्शियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. गिझर वाचतो हे खरे. पण रेझिन भरले की त्यात मिठाचे दाट पाणी सोडून ते धुवावे लागते. म्हणजे बाजारातून पिशवी भरून मीठ विकत आणायचे आणि गटारात सोडायचे. हे पाणी बागेत अजिबात सोडू नका. आपली काळी माती सोडियमने बिघडते, चोपण होते, पाऊस पडला की चिकट आणि सुकली की दगड. सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड झालेल्या ऊसपट्ट्याची अवस्था आपण ऐकून आहोत. चोपण जमीन सुधारायला पुन्हा जिप्सम म्हणजे कॅल्शियमच विकत आणून घालावा लागतो. आधी कॅल्शियम काढायला पैसे मोजायचे आणि मग घालायला.

दुसऱ्याच्या खात्यावर टाकले तर काय होते?

कोणी म्हणेल, आपल्या चार किलोंनी कुकडी काय खारट होणार आहे? नाही होणार. आपल्या एकट्याने होणार नाही. पण रिजेक्ट लगेच नदीला जात नाही, हाही मुद्दा आहे. शोषखड्ड्यात सोडले तर ते पाषाणाच्या त्याच भेगांमधून त्याच बोअरकडे येऊ शकते. मग पुढच्या वर्षी टीडीएस जास्त, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. आपणच आपल्या खात्यावर चक्रवाढ व्याज लावून घेणार.

आणि अनेकांनी मिळून टाकले तर काय होते, त्याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. तमिळनाडूत तिरुपूर हे बनियन आणि टी-शर्टचे गाव. तिथे कापड रंगवायला मीठ आणि सोडियम सल्फेट पोत्यांनी लागते. रंग कापडावर बसतो, मीठ पाण्यात राहते. ते पाणी वर्षानुवर्षे नोय्यल नदीत गेले. खाली ओरथुपाळयम नावाचे धरण आहे, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी बांधलेले. बांधले शेतीसाठी आणि भरले रंगाच्या खाऱ्या पाण्याने. शेतकऱ्यांना ते पाणी पिकाला देता येईना. दारात धरण असलेल्या आपल्या गावाने हे वाक्य जरा सावकाश वाचावे. शेतकरी कोर्टात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले शेकडो रंगकारखाने बंद करायला लावले.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. कारखाने पुन्हा सुरू झाले ते "एक थेंबही बाहेर सोडणार नाही" या अटीवर. आता रंगाचे पाणी साफ करून आरओमधून काढतात. गोडे पाणी पुन्हा रंगाला लागते. रिजेक्टमधले मीठ प्रक्रिया करून, आटवून, पुन्हा रंगाच्याच कामाला लावतात. जे मीठ नदीचा शाप झाले होते तेच कच्चा माल झाले. खर्च येतो, वीज भरपूर लागते, तक्रारीही आहेत. पण क्षारांचे खाते आता ज्याचे त्याच्या नावावर लागले.

विजेचा आकडा सांगतो म्हणजे अडचण कळेल. समुद्राच्या पाण्यातून आरओने १,००० लिटर गोडे पाणी काढायला तीन-चार युनिट वीज पुरते. तेच पाणी नुसते उकळून आटवायचे म्हटले तर एका लिटरला सुमारे ०.७ युनिट, म्हणजे १,००० लिटरला ७०० युनिट. वाफेची उष्णता पुन्हापुन्हा वापरून हा खर्च बराच खाली आणतात, तरी महागच. म्हणून शहाणपण यात आहे की आटवायची पाळी येण्याआधी रसायनाने आणि मेंब्रेनने जेवढे पाणी काढता येईल तेवढे काढून घ्यायचे.

समुद्राकाठी आपलीच माणसे

जुन्नर-आंबेगावातली निम्मी घरे मुंबईशी बांधलेली आहेत. कोणाचा मुलगा मालाडला, कोणाची लेक बोरिवलीला. म्हणून मुंबईचेही थोडे सांगतो. पावसाने ओढ दिली की मुंबईत पाणीकपात ठरलेली. त्यावर उपाय म्हणून मुंबई महानगरपालिकेने मालाडजवळ मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प आखला. क्षमता दिवसाला २० कोटी लिटर, पुढे ती ४० कोटींपर्यंत वाढवता येईल अशी. २०२१ मध्ये इस्रायलच्या आयडीई कंपनीशी अहवालासाठी करार झाला.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभरातले चाळीस लिटर गोडे निघाले असे धरले, तर २० कोटी लिटरसाठी ५० कोटी लिटर पाणी घ्यावे लागेल आणि ३० कोटी लिटर ब्राइन परत सोडावे लागेल. त्यात रोजचे १७,५०० टन क्षार. आपल्या चार किलोंची इथे काय कथा!

हिशेबाने पाहिले तर समुद्रातले समुद्रात गेले, खाते जुळले. पण ब्राइन दीडपटीहून जास्त दाट असते, जड असते, म्हणून तळाशी जाऊन बसते. बरोबर ॲसिड, अँटिस्केलंट, सफाईची रसायने असतात. ते खोल पाण्यात, अनेक तोंडांच्या पाइपाने पसरवून सोडले तर लवकर मिसळते. खाडीच्या तोंडाशी एकाच जागी सोडले तर तिथल्या मासळीवर येते. मनोरी-गोराईच्या कोळीबांधवांची काळजी याच प्रश्नाची आहे आणि ती रास्त आहे. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरचा हिशेब मांडला. सुमारे १६,००० प्लँट मिळून दिवसाला ९.५ कोटी घनमीटर गोडे पाणी काढतात आणि १४.२ कोटी घनमीटर ब्राइन सोडतात. जगाच्या ताळेबंदातही खारी बाजू गोड्यापेक्षा मोठी आहे.

या ब्राइनमधून काही मिळते का? मिळते. आपल्या कोकणातल्या मिठागरवाल्याला हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. पाणी आटत गेले की आधी कार्बोनेट बसते, मग जिप्सम, मग मीठ आणि शेवटी कडू पाणी उरते. त्या कडू पाण्यात मॅग्नेशियम, पोटॅश, ब्रोमीन. भावनगरला १९५४ पासून केंद्र सरकारची मीठ आणि समुद्री रसायनांची संशोधन संस्था आहे, तिथे याच विषयांवर काम चालते. समुद्राच्या पाण्यात चुना घातला की मॅग्नेशियम पांढऱ्या साक्याच्या रूपात बसते. पोटात जळजळ झाली की आपण जे पांढरे औषध घेतो, त्यात हेच असते. अमेरिकेत टेक्ससच्या किनाऱ्यावर डाऊ कंपनीने १९४१ पासून अशा साक्यापासून मॅग्नेशियम धातू काढला. अलीकडे एमआयटीच्या संशोधकांनी ब्राइनपासूनच कॉस्टिक सोडा आणि ॲसिड तयार करायची रीत मांडली. प्लँटला लागणारी रसायने प्लँटच्याच कचऱ्यातून, अशी ती कल्पना. कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी काढले की पुढच्या मेंब्रेनवर खार धरत नाही आणि काढलेला मालही विकता येतो. सगळे ब्राइन असे संपेल असे मात्र कोणी समजू नये. मीठ स्वस्त असते आणि एवढे मीठ कोणी विकत घेणार नाही. पण जेवढे घट्ट होऊन निघेल तेवढे समुद्रावरचे ओझे हलके.

आता आपण काय करायचे?

सभेपुढचा निर्णय सभासदांचा आहे. माझ्या मताला किंमत एका मताचीच. तरी म्हातारा म्हणून चार सूचना करतो.

पहिली, आधी पाणी तपासा. नुसता टीडीएस मीटर बुडवून भागायचे नाही. जडपणा, अल्कलिनिटी, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड, सिलिका, सगळे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून, एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीत. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याला टीडीएस ५०० आणि जडपणा २०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर अनुक्रमे २,००० आणि ६०० पर्यंत चालतो. टीडीएस ५०० च्या आत असेल तर आरओची गरजच नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही मे २०१९ मध्ये हेच सांगितले, आणि जिथे आरओ लागेल तिथे निदान ६० टक्के पाणी हाती आले पाहिजे असेही सांगितले. आपले आकडे ५०० च्या आत आले, तर प्लँटचा विषयच संपला आणि पैसे वाचले.

दुसरी, गच्चीवरचे पावसाचे पाणी. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. ते गाळून बोअरमध्ये मुरवले तर जडपणा मुळातच कमी होईल. क्षार काढण्यापेक्षा क्षार नसलेले पाणी मिसळणे नेहमी स्वस्त पडते.

तिसरी, एवढे करूनही प्लँट लागलाच, तर तो फक्त पिण्या-स्वयंपाकापुरता. विक्रेत्याला चार प्रश्न लेखी विचारा. शंभरातले किती लिटर गोडे? खार रोखायला काय आणि किती घालणार? मेंब्रेन किती दिवसांनी धुणार? आणि रिजेक्ट कुठे सोडणार? चौथ्या प्रश्नावर "गटार आहे ना!" असे उत्तर आले, तर त्या कोटेशनवर मी तरी सही करणार नाही.

चौथी, रिजेक्टसाठी वेगळी टाकी आणि वेगळी लाइन. संडासाच्या फ्लशला, पार्किंग धुवायला वापरता येईल. ते पाणी पुढे सांडपाण्यातच जाते, क्षार त्याने संपत नाहीत. पण त्या कामासाठीचा बोअरचा उपसा वाचतो. शोषखड्ड्यात आणि झाडांना नको. चुना-सोड्याची टाकी आपल्याला परवडेल का, ते प्लँट किती मोठा होतो यावर आहे. एकट्याला जड जाईल. पण शेजारच्या दोन-तीन सोसायट्या आणि ग्रामपंचायत एकत्र आली तर सामायिक टाकी होऊ शकते आणि तिथे रसायन जाणणारा माणूस नेमता येतो. ॲसिड आणि चुना हौशी माणसाने हाताळायचे पदार्थ नव्हेत. ॲसिड पाण्यात घालायचे, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, हे ठिबकवाल्यांना पाठ आहे, आपल्या वॉचमनला नाही.

आणि प्लँट बसलाच, तर एक वही ठेवा. किती पाणी घेतले, किती गोडे निघाले, किती रिजेक्ट गेले, दोन्हींचा टीडीएस किती. रोज चार आकडे. आपल्या सोसायटीचे हिशेब पंचवीस वर्षांत एकदाही थकले नाहीत, ऑडिटमध्ये कधी नाव निघाले नाही, याचा आपल्याला अभिमान आहे. ती शिस्त पाण्यालाही लावू. वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानाला लागून क्षारांचे एक पान यावे. मुलांपैकी कोणी विज्ञान शाखेला असेल तर त्याने ते लिहावे, मी बेरजा तपासून देईन. अजून चष्म्याचा नंबर तेवढा वाढलेला नाही.

कालव्याने हेच पाणी पुढे करमाळ्यापर्यंतच्या शेतात जाते, आणि कुकडी पुढे घोडला, घोड भीमेला मिळते. आपण वरच्या अंगाला राहतो. वरच्या माणसाने स्वच्छ हिशेब ठेवला तर खालच्याला मागावा लागत नाही.

सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले, मागच्या रांगेनेही. आता सभेच्या दिवशी सगळ्यांनी यावे, आणि येताना घरच्या पातेल्यातली खाराची एक खपली कागदाच्या पुडीत आणावी. प्रयोगशाळेला नमुना म्हणून नाही हो, मत देताना समोर असू द्या म्हणून.

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.